तारकेचं क्रीम, माझं कपाळ

लीला चिटणीस १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या साबणाच्या जाहिरातीत आलेली ती पहिली भारतीय नटी. मराठी रंगभूमीवरून सिनेमात गेलेली, पदवीधर, चार मुलांची आई असलेली बाई! त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी ‘सिनेतारकांचा साबण’ म्हणून तो विकत घेतला. पण तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. साबण कंपनीचा आहे, नटीला चेहरा दाखवायचे पैसे मिळालेत, आणि आपल्याला हवी आहे ती फक्त आंघोळ. आमच्या आजीला तर जाहिरातीतली बाई खरंच तो साबण वापरते का, असा प्रश्नसुद्धा कधी पडला नसेल.

आता गणित बदललंय. तारका आता दुसऱ्याचा साबण हातात धरून हसत नाही, दुकानच तिचं असतं. तिकडे रिहानाने २०२० साली ‘फेंटी स्किन’ काढलं. हेली बीबरने २०२२ मध्ये ‘रोड’ सुरू केलं आणि २०२५ मध्ये ते ‘एल्फ’ या कंपनीला विकलं. सौदा एक अब्ज डॉलरपर्यंतचा! आपल्याकडे कतरिना कैफने २०१९ मध्ये ‘के ब्यूटी’ हा मेकअपचा ब्रँड आणला. दीपिका पदुकोणने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘८२ ईस्ट’ सुरू केलं. त्यात पहिल्यांदा दोनच गोष्टी होत्या. अश्वगंधा घातलेलं मॉइश्चरायझर २७०० रुपयांना आणि पॅचुलीचे सनस्क्रीन थेंब १८०० रुपयांना. त्या किमतींवरून तेव्हा भरपूर चर्चा झाली. पुढच्या वर्षी क्रिती सेननचं ‘हायफन’ आलं, नयनताराचं ‘नाइन स्किन’ आलं. यादी आणखी बरीच वाढवता येईल.

यात वाईट काही आहे असं मला वाटत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या कंपनीला चेहरा उसना देण्यापेक्षा एखादीने स्वतः मालकीण व्हावं, हे मला आवडतंच. खटकतं ते आपल्या बाजूचं. ती आता आरशासमोर बसून, केस वर बांधून, अगदी मैत्रिणीसारखं सांगते की ‘मी रोज हेच लावते.’ आणि आपण तिचं मैत्रिणीसारखं ऐकतो. जाहिरातीला आपण हसायचो तरी, मैत्रिणीवर विश्वास ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सामील होणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे. कंपनीशी हितसंबंध असेल तर तो उघड सांगितला पाहिजे, असे नियमही २०२२ मध्ये आले. पण ‘मला याने फार छान वाटतं’ हे वाक्य कुठल्या कलमाखाली खोटं ठरवणार?

तर यंदा मे महिन्यात असा एक संच माझ्या घरी आला. पुण्याला आयटीत असलेल्या माझ्या भाचीने वाढदिवसाला दिला. “मावशी, तू दिवसभर उन्हात फिरतेस, चेहऱ्याकडे बघत नाहीस. आता हे लावायचं आणि मला सांगायचं,” असा हुकूम. एका नव्या तारकेचा नवा ब्रँड. कोणाचा ते सांगत नाही, कारण एका चेहऱ्याच्या अनुभवावरून कोणाच्या मालाला नावं ठेवणं बरोबर नाही. फेसवॉश, सीरम, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. खोका असा की रद्दीत टाकायला जीव होईना. त्यात आता माझ्या बांगड्या आहेत.

माझी त्वचा म्हणजे पार्लरवाल्या ज्याला ‘कॉम्बिनेशन टू ऑइली’ म्हणतात ती. कपाळ, नाक, हनुवटी सकाळी दहालाच तुपात तळल्यासारखी चकाकतात आणि गाल मात्र थंडीत फुटतात. तैलग्रंथी सगळ्या चेहऱ्यावर सारख्या नसतात, कपाळ आणि नाक इथे जास्त दाटीने असतात. त्यामुळे एकाच चेहऱ्यावर दोन हवामानं! त्यात आम्ही राहणार डोंबिवलीत. मे-जूनची दमट हवा, लोकलची गर्दी, दुपारी गॅससमोर पोळ्या. ज्या बाईच्या नावाने ही क्रीमं विकली जातात ती एसी गाडीतून एसी व्हॅनमध्ये जाते. तिची त्वचा कोरडी पडत असेल, नाही असं नाही. पण तिच्या हवेसाठी बनवलेलं क्रीम माझ्या हवेत कसं वागेल, हे काही डबीवर लिहिलेलं नव्हतं.

मी आर्ट्सवाली. रसायनशास्त्राशी दहावीनंतर संबंध सुटला. पण बचत गटाची वही पंधरा वर्षं लिहिते आहे, त्यामुळे नोंद ठेवायची सवय आहे. आधी आठवडाभर प्रत्येक गोष्ट कानामागे लावून पाहिली. खाज नाही, लाली नाही. मग चेहऱ्याचे दोन भाग केले. फेसवॉश, सीरम आणि सनस्क्रीन दोन्ही बाजूंना संचातलंच. मॉइश्चरायझर मात्र डाव्या बाजूला तारकेचं, उजव्या बाजूला आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडचं साधं, वास नसलेलं, २२० रुपयांचं जेल. सहा आठवडे. नवरा म्हणाला, “अर्धनारीनटेश्वर झालीस!” म्हटलं, दोन्ही बाजू नारीच आहेत, फक्त एक महाग आहे.

फेसवॉश चांगला निघाला, हे आधी सांगते. साबणाने चेहरा धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी होते ना, तसं झालं नाही. साबण अल्कधर्मी असतो, त्वचेचा स्वभाव किंचित आम्लधर्मी. तेलकट चेहऱ्याच्या बायका दिवसातून पाच-पाच वेळा साबण घासतात, मीही घासताना पाहिल्या आहेत. त्याने तेल बनायचं थांबत नाही, वरचा थर तेवढा दुखावतो. सौम्य फेसवॉशने दोनदा धुणं पुरतं. मात्र तसा सौम्य फेसवॉश दीडशे-दोनशे रुपयांतही मिळतो, हेही खरं.

सीरममध्ये नियासिनामाइड होतं, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. त्याने तेल थोडं कमी होतं, डाग फिके व्हायला मदत होते, असं त्वचातज्ज्ञही सांगतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात नाकावरची चकाकी दुपारी बारापर्यंत पुढे ढकलली गेली, अशी माझी नोंद आहे. हे नियासिनामाइड कोणा तारकेच्या घरचं नाही. औषधाच्या दुकानात बऱ्याच कंपन्यांचं आहे आणि पुष्कळ स्वस्त आहे.

आता मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे मी अगदी खूश होते. सुगंध सुंदर, हात फिरवला की मखमल. तिसऱ्या आठवड्यात कपाळाच्या डाव्या अर्ध्या भागावर बारीक बारीक पुटकुळ्या आल्या, अगदी मधोमध रेघ मारल्यासारख्या. उजवा अर्धा साफ! डाव्या कपाळाला लावणं बंद केलं, तिथेही जेल सुरू केलं, दहा-बारा दिवसांत कपाळ पुन्हा जागेवर. डाव्या गालाला मात्र शेवटपर्यंत तेच लावलं आणि गाल उजव्यापेक्षा मऊ राहिला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यात शिया बटर आणि बदामाचं तेल वरच्याच ओळीत होतं. कोरड्या गालाला ते मेजवानी, तेलकट कपाळाला अजीर्ण. खोक्यावर ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ असं छापलेलं. सगळ्यांना एकच मापाचं ब्लाउज शिवणाऱ्या शिंप्याकडे आपण जाऊ का?

आणि एक गैरसमज. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. लागतं. त्वचेतलं तेल वेगळं आणि पाण्याचा अंश वेगळा. फक्त ते हलकं, जेलसारखं असावं.

आमच्या गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. सहाव्या आठवड्यात मी सगळ्यांना विचारलं, माझी कुठली बाजू चांगली दिसतेय? बारा जणी. पाच म्हणाल्या डावी, चार म्हणाल्या उजवी, दोघींना फरक दिसेना आणि एक काकू म्हणाल्या, “ताई, तुम्ही जरा झोप काढा, दोन्ही बाजूंचे डोळे खोल गेलेत.” हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण एका डबीत १८५० रुपये आणि दुसरीत २२० रुपये गेले असताना निकाल असा पाच-चारचा लागावा, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

वाचकहो, डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचण्याची सवय लावून घ्याच. चष्मा लागला तरी चालेल. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सगळ्यांत जास्त ते आधी, बहुतेक वेळा पाणीच. एक टक्का किंवा कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. यात एक सोपी खूण सांगते. फिनॉक्सीइथेनॉल नावाचं एक संरक्षक द्रव्य बऱ्याच क्रीममध्ये असतं आणि ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालायला परवानगी नाही. म्हणजे यादीत त्याच्या पुढे जे जे आहे ते एक टक्का किंवा त्याहून कमी. माझ्या संचाच्या खोक्यावर केशर आणि कमळ एवढ्या मोठ्या चित्रात होतं की वाटावं, देवघरातच आलो. यादीत दोन्ही फिनॉक्सीइथेनॉलच्या पुढे! आपल्या बासुंदीत तरी केशराच्या चार काड्या मोजून दिसतात. थोडं असलं म्हणून काही उपयोग नाही, असंही नसतं, काही गोष्टी कमी प्रमाणातच काम करतात. पण मग चित्र काढताना प्रमाण सांभाळा की!

‘आमच्या आजीचा बटवा’ हा शब्द या सगळ्या ब्रँडना फार प्रिय. म्हणून लगेच ‘मग आजीचंच लावा, घरचं बेसन-लिंबू काय वाईट’ असं मी म्हणणार नाही. लिंबू चेहऱ्याला चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजून डाग पडू शकतात. मुलतानी माती तेल शोषते हे खरं, पण रोज लावली तर गालांची वाट. घरचं म्हणजे निर्धोक, हा भाबडेपणा आणि तारकेचं म्हणजे गुणकारी, हाही तोच भाबडेपणा.

सनस्क्रीनबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. चाळिशीनंतर वांग आणि काळे डाग यांनी जी हैराण असते तिने बाकी सगळं सोडलं तरी चालेल, हे सोडू नये. पण लावायचं तर पुरेसं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांवर रेघ ओढायची, तेवढं चेहरा आणि मानेला. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि मग ‘उपयोग होत नाही’ म्हणतो. एसपीएफ ३० योग्य प्रमाणात लावलं तर त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० ने ९८. तेव्हा आकड्याच्या मागे धावण्यापेक्षा दोन-तीन तासांनी पुन्हा लावणं बरं. माझ्या संचातलं सनस्क्रीन छान होतं, पांढरट थर नाही, घामाने डोळ्यात उतरलं नाही. पण ५० ग्रॅमची ट्यूब दोन बोटांच्या हिशेबाने सहा आठवड्यांतच संपली. १२५० रुपये! जी गोष्ट भरपूर लावली तरच काम करते ती एवढी महाग असेल, तर बाई ती पुरवून पुरवून वापरणार. आणि पुरवून वापरली की तिचा उपयोगच नाही.

अख्ख्या संचाची किंमत ५३०० रुपये. दोन महिने धरले तर महिन्याला २६५०. आमच्या गटात प्रत्येकीची बचत महिन्याला २०० रुपये, म्हणजे वर्षाला २४००. एका चेहऱ्याचा एक महिना हा एका बाईच्या वर्षभराच्या बचतीपेक्षा मोठा. भाचीला परवडतं, तिने जरूर घ्यावं. ती कमावते, तिचा पैसा आहे. पण हे व्हिडिओ तिच्या फोनवर येतात तसेच आमच्या गटातल्या मुलींच्या फोनवरही येतात. फोनला परवडणं-न परवडणं कळत नाही.

जूनच्या बैठकीत एका सदस्येच्या मुलीने, जी आता स्वतःही सदस्य आहे, तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. वय बावीस, कपड्यांच्या दुकानात उभी राहून दहा तास नोकरी. कारण विचारलं तर इतरांसारखं ‘घरखर्च’ असं न सांगता सरळ म्हणाली, “चेहऱ्यासाठी. बहिणीचं लग्न आहे.” आणि फोनवर असाच एक संच दाखवला. दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. एकीने तर ‘ही काय कारणं झाली’ म्हणून वही मिटायला सांगितली. तेव्हा मागे बसलेल्या एका बाईने जे विचारलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. “आमचा मालक तीन हजार दारूत घालतो तेव्हा हसता का गं कुणी?”

बैठक गप्प झाली. त्या बाईचं बरोबर होतं. बाईने स्वतःवर खर्च केला की तो लगेच ‘चोचले’ होतो, आणि आपणच, बायकाच, तो शब्द आधी वापरतो. दुकानात दहा तास दिव्यांखाली उभं राहून गिऱ्हाइकाशी हसून बोलणाऱ्या मुलीला चेहरा नीट असावा असं वाटलं, त्यात हसण्यासारखं काय? मी त्या मुलीला नको म्हटलं नाही. कर्ज मंजूर करायला मीच हात वर केला. फक्त दोन टक्के महिना व्याजाने घेतलेल्या पैशात तिला केशराचं चित्र मिळू नये, एवढीच माझी तळमळ. बैठक संपल्यावर तिला बसवून दोन्ही डब्यांच्या याद्या दाखवल्या. तिनेही कपाळावरची रेघ पाहिली होती. विचार करून सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली आणि तीन हजारांऐवजी एक हजारच घेतले. फेसवॉश १८०, जेल २२०, सनस्क्रीन ४५०. एकूण ८५०. उरलेल्या दीडशेच्या बांगड्या.

पण मला खरी काळजी आहे ती तिची नाही. तिने निदान नाव-पत्ता असलेली वस्तू मागितली होती. तारकांचे ब्रँड महाग असतील, पण परवाना असलेल्या कारखान्यात बनतात, कोणाला तरी जाब विचारता येतो. ज्यांना ते परवडत नाहीत आणि चेहरा मात्र तसाच हवा असतो, त्या बायका कुठे जातात? आमच्याच गटातली एकजण एका पार्लरमधून पांढरी डबी आणायची. वर ना नाव, ना तारीख. “ताई, दोनशे रुपयांत आठ दिवसांत फरक,” असं कौतुकाने सांगायची. फरक पडला खरा. मग लावणं थांबवलं की चेहरा लाल, आग, बारीक केस. सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात डॉक्टरांनी विचारलं ते पहिलंच वाक्य, “डबी आणली आहे का?” त्यात स्टेरॉइड असावं, असं त्यांचं म्हणणं. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती सुट्या डबीतून फिरतातच. काहींमध्ये तर पारा असतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये रंग उजळवणारी क्रीमं वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण आढळले, त्याच वर्षी आपल्या अकोल्याच्याही एका कुटुंबाची तशीच बातमी होती. चेहऱ्याला लावलेलं मूत्रपिंडापर्यंत जातं, हे आमच्या बायकांना सांगितलं तर आधी कोणाचा विश्वासच बसेना.

‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. तारकांचे ब्रँडही गोरेपणा म्हणत नाहीत, ‘ग्लो’ म्हणतात. वस्तीत मात्र अजून ‘गोरं करायची क्रीम’ असंच म्हणतात. जाहिरातीतला शब्द बदलला म्हणून सासूच्या, मुलगी बघायला आलेल्यांच्या आणि दुकानमालकाच्या नजरा बदलत नाहीत. पांढऱ्या डबीचं गिऱ्हाईक तिथून येतं.

भाचीला फोन करून सगळं सांगितलं. पुन्हा मागवायचं झालं तर फेसवॉश चालेल, मॉइश्चरायझर तिच्या आईला दे, तिची त्वचा कोरडी आहे. ती म्हणाली, “मावशी, तू तर रिपोर्टच लिहिलास!” तोच रिपोर्ट गटाच्या वहीत मागच्या पानावर डकवला आहे.

पुढच्या दहा तारखेला प्रत्येकीने घरात चेहऱ्याला लावायच्या असतील तेवढ्या सगळ्या डब्या बैठकीला आणायच्या, असं ठरलंय. सुनेच्या, मुलीच्या, लपवून ठेवलेल्यासुद्धा. उत्पादकाचं नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, शेवटची तारीख आणि घटकांची यादी, एवढं डबीवर आहे का ते बघायचं. नसेल ती डबी वेगळी काढायची आणि बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवायची, कारण स्टेरॉइड एकदम थांबवलं तरी त्रास होतो. चष्मे आणायला सांगितलेत. बघू, किती डब्या निघतात.